खालची मेणबत्ती

वासुदेव गुरुजी स्वतःच्या बापाच्या छातीवर बसले होते. दोन्ही गुडघे म्हाताऱ्याच्या दंडांवर रोवलेले, हातांनी खांदे दाबलेले, आणि बाजूला हातभर अंतरावर पेवाचं उघडं तोंड. आत माझा नवरा किसन आणि आमचा सालदार लच्चू पडलेले होते. वरून दोघंही दिसत होते, हलत नव्हते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाय झाडत होते, थुंकत होते, ओरडत होते, "सोड मले! तुया भाऊ मरून राह्यला, सोड!" गुरुजी एकच बोलत होते. "नाई सोडत, बाबा. खाली गेले का तुम्ही बी मरान." कोणीतरी मागून त्यांचा सदरा ओढला, तो पाठीवर टरकन फाटला. "अबे मास्तर, बाप हाय थो तुया!" गुरुजी उठले नाहीत. त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं, ते म्हाताऱ्याच्या मानेवर पडत होतं. मी सूप हातात घेऊन उभी होते. ते सूप खाली ठेवायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

ते वासुदेव गुरुजी गेल्या महिन्यात चंद्रपूरला मुलाच्या घरी वारले. नव्वदी ओलांडली होती. गावी फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ताटातले निवडून संपवले, मग उठले. माझं वय झालं आहे, आता कोणाची बातमी आली की धावत सुटायला होत नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी नंतर पुरवणीत बरंच लिहिलं. कोणी डॉक्टर झालेला, कोणी जंगलखात्यात आलापल्लीला नोकरी करून निवृत्त झालेला. सगळ्यांनी गुरुजींच्या प्रयोगांबद्दल लिहिलं, आणि सगळ्यांनी त्या दोन मेणबत्त्यांबद्दल लिहिलं. एक उंच, एक बुटकी, काचेच्या बरणीत उभ्या केलेल्या. गुरुजी विचारायचे, कोणती आधी विझली? सगळा वर्ग ओरडायचा, खालची! छान लिहिलं आहे पोरांनी. पण तो प्रयोग गुरुजींनी कुठून आणला, ते एकालाही माहीत नाही. माहीत असणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. त्यापुढची शाळा मी फक्त स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली.

माझं माहेर वडशाकडचं, धानाचं. आमच्याकडे धान बांबूच्या ढोलीत भरून घरातच ठेवत. लग्न होऊन मी गोंडपिपरीच्या बाजूला आले, तिथं ज्वारी होती आणि ज्वारीसाठी पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाला लहान आणि पोटाला मोठा खड्डा, रांजण जमिनीत पुरल्यासारखा. आत कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. पावसाळा सरत आला, पोळा झाला की फोडायचं. ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि आम्ही अजून मध्यप्रदेशात होतो. घरात मामाजी, गुरुजी, त्यांची बायको अनसूयाबाई, माझा नवरा आणि मी. सासू आधीच गेलेली. गुरुजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही, तो ओसरीवर असला तर मागच्या दारानं जायचं. काही सांगायचंच असलं तर जाऊबाईला सांगायचं, जाऊबाई त्यांना सांगणार. तो माणूस दोन हातांवर बसलेला असला तरी असंच. मला त्यात काही जाचक वाटत नव्हतं, सगळीकडे तेच होतं. उलट बरं होतं, पदराआड उभं राहिलं की कोणी काम सांगत नसे आणि सगळं पाहायला मिळे.

आणि पाहायला पुष्कळ होतं. गावात नवीच मिडल शाळा निघाली होती, पाचवी ते सातवी. गुरुजी तिथं विज्ञान शिकवत. विज्ञानाचं सामान म्हणजे एक कपाट, त्यात पृथ्वीचा गोल आणि एक फुटका थर्मामीटर. पुस्तकात मात्र पानोपानी लिहिलेलं, प्रयोग करून पाहा. दुसरे मास्तर ते वाक्य मुलांकडून मोठ्यानं वाचून घेत आणि पुढे जात. गुरुजींचं म्हणणं, पाहा लिहिलंय तर पाहिलं पाहिजे. मग ते सामान कुठून येणार? आमच्या घरातून. कंदिलाच्या काचा गेल्या, लिंबं गेली, माझा एकुलता काचेचा पेला गेला. त्यात बेडकांची अंडी ठेवली होती त्यांनी, मुलांना शेपटी गळताना दाखवायला. तो पेला परत आला तेव्हा मी तो गोठ्यात ठेवून दिला. उद्या वर्गात जे करायचं ते गुरुजी आदल्या दिवशी दिवेलागणीला अंगणात करून बघत. काम जमलं की एकटेच हसत. जमलं नाही की जेवत नसत, आणि मग जाऊबाई माझ्यावर चिडत, जणू काही मीच मेणबत्ती विझवली होती.

मामाजींना हा सगळा पोरखेळ वाटे. ते पान खात, त्यांचा चुना रोज गायब होई. एकदा ओसरीवर झालेलं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"काऊन रे वासुदेवा, चुना खाते का तुयी शाळा?"

"पाण्यात कालवून निवळी करतो, बाबा. पोट्टे नळीनं फुंकतेत त्याच्यात."

"फुंकून काय होते?"

"पाणी दुधावानी पांढरं होते."

"असं हाय का! मंग गाय काऊन पाळाची? सकाळ-संध्याकाळ पोट्टेच फुंकवत जा."

माझा नवरा एवढा हसला की त्याला ठसका लागला. गुरुजीही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चुना घेऊन गेले. त्या नळीचीही एक गोष्ट आहे. नळी म्हणजे पपईच्या पानाचा पोकळ देठ. पहिल्यांदा वर्गात चार-पाचच देठ होते, मुलं आळीपाळीनं फुंकत. लगेच गावात बोंब झाली, आमच्या पोराला कोणाचंही उष्टं तोंडात घालायला लावलं म्हणून. कोणाचं, ते कोणी स्पष्ट बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. गुरुजींनी भांडण केलं नाही. त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपापला देठ आणा, आपापली वाटी आणा, प्रत्येकाला निवळी मी देतो. गावातल्या पपया बोडख्या झाल्या. पण त्यामुळं झालं असं की वर्गातल्या एकूण एका मुलानं फुंकलं, आणि मोठ्या घरच्या पोराच्या वाटीतलं पाणी जसं पांढरं झालं तसंच बाहेरच्या वस्तीतल्या पोराच्या वाटीतलंही झालं. गुरुजींनी त्यावर भाषण दिलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच असे, "पाह्यलं म्हणजे शिकलं असं नाई. हातानं केलं पाह्यजे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला होता.

किसनला मात्र कंटाळा येत नसे. तो शाळा सोडून शेतीला लागलेला, पण भावाचे हे उद्योग त्याला आवडत. अंगणात मेणबत्तीवर काच उपडी घालायची असली की तोच घालणार. एकदा गुरुजींनी सातवीचा वर्ग शाळेमागच्या जुन्या कोरड्या विहिरीवर नेला, दोरीनं कंदील आत सोडला आणि तो खाली जाऊन फट्दिशी विझला. पोरं किंचाळली. गावात झालं, मास्तरनं विहिरीतलं भूत दाखवलं. गुरुजी जेवताना सांगत होते, भूत नव्हे, कर्बवायू असतो, आपण उच्छ्वास टाकतो तोच, जड असतो, खड्ड्यात साचतो, दिव्याला जगू देत नाही तसा माणसालाही देत नाही. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. किसननं हात चाटत विचारलं, "मंग पेवात बी असंच असन का, दादा?"

"असते तर. दाणे बी श्वास घेतेत. वलसर झाले का जास्तच घेतेत."

"मंग औंदा आपल्या पेवात दिवा सोडू."

मामाजी म्हणाले, "माया आजानं पेव फोडलं, बापानं फोडलं. थे का कंदील घेऊन जात होते?" त्यांची रीत अशी की फरशी काढायची, नारळ फोडायचा, एक चिलीम ओढून होईपर्यंत थांबायचं आणि उतरायचं. एखाद्या वर्षी कुठल्या गावात माणूस मरे. तेव्हा म्हणत, पेवानं माणूस घेतला. घेतला तर घेतला, पुढच्या वर्षी पुन्हा चिलीम.

त्या वर्षी पोळा झाल्यावर आमचं पेव फोडलं. गुरुजींनी शाळेत जायच्या आधी गोठ्यातून बैलाचं दावं आणलं, त्याला कंदील बांधला आणि आत सोडला. पेव तेव्हा गळ्यापर्यंत भरलेलं होतं, कंदील ज्वारीवर टेकला आणि विझला. मामाजींनी तोंड वाकडं केलं, पण थांबले. तिसऱ्या प्रहरी गुरुजींनी पुन्हा सोडला, जळत राहिला. गुरुजी किसनला आणि लच्चूला म्हणाले, "हे दावं असंच राहू द्या. उतराच्या आंधी दर वेळेस कंदील सोडाचा. जळला तर उतरा, विझला तर नाई." किसननं दाव्याचं वरचं टोक खुंटीला बांधून टाकलं, म्हणजे रोज मोजायची कटकट नको. तो आणि लच्चू टोपल्या भरून देत होते, मी आणि जाऊबाई वर ज्वारी पाखडत होतो. अंधार पडेपर्यंत पुरुषभर पेव रिकामं झालं. रात्री पावसाची सर आली म्हणून तोंडावर ताट्या टाकल्या, वर घोंगडं टाकलं. एवढंच झालं. यापेक्षा जास्त काही झालं नाही.

सकाळी गुरुजी शाळेत गेले. किसननं घोंगडं काढलं, त्याच दाव्यानं, त्याच खुंटीवरून कंदील आत सोडला. जळत होता. मी स्वतः पाहिला, चांगला जळत होता. पण ज्वारी एका दिवसात पुरुषभर खाली गेली होती, आणि दावं आदल्या दिवशीच्याच लांबीचं होतं. कंदील अधांतरी लटकत होता. रात्रभर तोंड झाकलेलं होतं, वायू त्याच्या खाली साचलेला. आता हे कोणालाही कळेल. तेव्हा आम्ही पाच जण त्या तोंडाशी उभे होतो आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. लच्चू उतरला. टोपली मागितली, मग खाली बसला, जसा जेवण झाल्यावर माणूस झाडाखाली बसतो तसा. किसननं वरून हाक दिली, "अबे लच्चू, झोपला का बे इतक्यात?" लच्चू आडवा झाला. किसन शिडीवरून उतरला, त्याला उचलायला वाकला, आणि त्याच्या अंगावरच पडला. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. कंदील त्या दोघांच्या वर जळतच होता.

जाऊबाई पदर सावरत शाळेकडे धावल्या. मामाजी आधी हाका मारत राहिले, माणसं जमली, मग त्यांनी धोतर खोचलं. तोवर गुरुजी पळत आले. त्यांनी आत पाहिलं, कंदिलाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही… त्यांनी खुंटीवरून दावं सोडलं, स्वतःचा शेला त्याला बांधला आणि कंदील आणखी खाली सोडला. किसनच्या पाठीपर्यंत गेला आणि विझला. मामाजींचा पाय तोवर शिडीवर होता. गुरुजींनी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं, आपटलं आणि छातीवर बसले. इथून पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे. चारी बाजूंनी माणसं ओरडत होती, सोड, सोड. दोघं जण गुरुजींच्या काखेत हात घालून त्यांना उचलायला लागले. मामाजींचा एक हात सुटला. तेव्हा मी बोलले. मोठ्यानं बोलले, सासऱ्यासमोर, गावासमोर. "सोडू नका त्यायले, भाऊजी!" मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द. कोणाला ते ऐकून खरंच वाटेना, की जिचा नवरा खाली आहे तीच बाई असं म्हणते. उचलणाऱ्यांनी हात काढून घेतले. गुरुजींनी मान वर केली, मला म्हणाले, "पळसाच्या फांद्या आणा. मोठ्या. पानं भरलेल्या." तेही त्यांचे माझ्याशी पहिलेच शब्द.

फांद्या आणल्या, त्यांचा भारा दोरानं बांधून पेवात सोडला, वर ओढला, सोडला, ओढला. आतली हवा घुसळायची, ताक घुसळतात तशी. मी ओढला, बायकांनी ओढला. दोघं जण घोंगड्यानं वारा घालत होते. मध्ये मध्ये कंदील सोडायचा, तो विझायचा, पुन्हा पेटवायचा. शेवटी तो खाली टेकूनही जळत राहिला. मग गुरुजी मामाजींना दुसऱ्याच्या हवाली करून कमरेला दोर बांधून स्वतः उतरले. आधी किसनला वर दिलं, मग लच्चूला. किसनचं अंग अजून कोमट होतं. गुरुजींनी त्याचे हात वर-खाली केले, छाती दाबली, पुष्कळ वेळ. काही झालं नाही. लच्चूची बायको शेतातून आली, तिला कोणीच नीट सांगितलं नव्हतं, तिनं आधी विचारलं, तो जेवला का म्हणून. गावात नंतर ही गोष्ट सांगताना किसनचं नाव घेत, लच्चूचं घेत नसत. म्हणून इथं लिहून ठेवते. आधी तो उतरला होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मामाजींनी ओसरीवर बसून सगळ्यांदेखत सांगितलं, "तुया कंदिलानं खाल्लं माया लेकराले. कंदील नसता तर थो चिलीमभर थांबला असता." मामाजी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलले नाहीत. आणि बोलायचं तर असे, एका घरात दोन माणसं राहतात, बैल आहेत, शेत आहे. मग ते मला सांगत. "सखू, तुया भासऱ्याले सांग, सरकी संपली म्हणून." गुरुजी तिथंच बसलेले असत. मी वळून सांगायची, "भाऊजी, सरकी संपली म्हणतेत." गुरुजी म्हणायचे, "बाबाले सांग, बाजाराच्या दिवशी आणतो." मी पुन्हा तोंड फिरवून सांगायची. पुरुषांचं भांडण, आणि तोंड माझं दुखायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "ऐकलं ना त्याईनं, मामाजी. बहिरे नाई थे." मामाजी म्हणाले, "तू सांग." मी सांगितलं. गावातल्या बाया नावं ठेवत, विधवा होऊन भासऱ्याशी तोंड वर करून बोलते म्हणून. मी त्यांना म्हणे, या आमच्या घरी आणि तुम्ही सांगा निरोप, मी खुशाल पदर ओढून बसते.

शाळेत गुरुजींनी प्रयोग बंद केले. वर्षभर पुस्तक वाचून घेत राहिले, बाकीच्या मास्तरांसारखं. चुना घरातच राहू लागला. मामाजी चुनाळू उघडून बघत आणि बंद करत. मला वाटलं, झालं, संपलं. मग एका संध्याकाळी ते अंगणात लोणच्याची काचेची बरणी घेऊन बसलेले दिसले. आत एक मेणबत्ती अख्खी, एक अर्धी कापलेली. तांब्यात खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस फसफसत होता. त्यांनी तांब्या बरणीवर तिरका धरला, जसं पाणी ओततात तसा, पण पाणी पडू न देता. डोळ्यांना काही पडताना दिसत नव्हतं. बुटकी मेणबत्ती विझली. उंच तशीच जळत होती. त्यांनी पुन्हा पेटवली, पुन्हा ओतलं. पुन्हा बुटकीच आधी. असं किती वेळ केलं कोण जाणे, लिंबं संपली तेव्हा थांबले. मामाजी ओसरीवरून पाहत होते. ते उठून आत गेले. मला कोणताही निरोप सांगितला नाही.

त्यानंतर दर वर्षी, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, तो प्रयोग. प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं तांब्या धरायचा. जोपर्यंत वर्गातला शेवटचा मुलगा आपल्या तोंडानं सांगत नाही की खालची आधी विझली, आणि दोरी तळाला टेकल्याशिवाय कंदिलाचं खरं मानायचं नाही, तोपर्यंत गुरुजी पुढचा धडा घेत नसत. मुलांना वाटे गुरुजींना हा प्रयोग फार आवडतो. त्यांना तो अजिबात आवडत नव्हता. तो करून घरी आले की अंग धुऊन पडून राहत. बाकीचे प्रयोगही हळूहळू परत आले, चुन्याची निवळी आता मीच घालून ठेवायला लागले. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली की लालभडक रंग होतो, तो धडाही होता. कुंकू त्याच दोन वस्तूंचं होतं हे मुलींना त्यातून कळे. हळद मी वाटून द्यायची. गावातल्या एकीनं विचारलं, तुझ्या हातची कशी चालते? मी म्हटलं, रंग बदलतो तर. कितीतरी वर्षं हे चाललं. मी दमले. गुरुजीही दमले. पण आसपासच्या गावांतून पेव फोडताना पोरं बापाला दोरी मोजायला लावू लागली होती, त्यामुळं थांबायचं कोणी म्हणेना. पुढे पेवंच बंद झाली, लोक पोत्यांत ज्वारी ठेवू लागले. गुरुजींनी प्रयोग तरी चालूच ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात मी चंद्रपूरला त्यांना भेटायला गेले. अनसूयाबाई केव्हाच गेल्या, त्यामुळं खोलीत ते आणि मी दोघंच. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "सखू, एक इचारू?"

"इचारा."

"त्या दिवशी तू सोडू नका काऊन म्हटलं?"

"कंदील विझला व्हता. मी पाह्यला."

"बस एवढंच?"

"एवढंच. आनखी काय पाह्यजे?"

पंखा कुरकुरत होता… मग म्हणाले, "कंदिलाले दावं म्याच बांधलं व्हतं."

"हो. तुम्हीच बांधलं व्हतं."

"तळ खाली जाईन, दावं वाढवाचं, हे म्या सांगतलं नाई."

"नाई सांगतलं."

"इतकी वर्षं तू बोलली नाई कधी."

"तुम्ही कधी इचारलं नाई."

"म्हणजे बाबाचं खरं व्हतं."

मला खोटं बोलता येत नाही, आणि मरायला टेकलेल्या माणसाशी तर मुळीच नाही. मी म्हटलं, "अर्धं खरं व्हतं. दावं आखूड व्हतं थे तुमचं. टेकलं का नाई, हे वाकून पाह्यलं नाई थे तुमच्या भावाचं. आन् रात्री पाऊस आला थे कोनाचंच नाई." त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवत. मग उशीवर डोकं टेकलं. मला वाटलं झोप लागली. मी पिशवी उचलली तेव्हा म्हणाले, "जेवून जाजो." मी जेवले आणि संध्याकाळच्या बसनं गावी परत आले. ते शेवटचं.

पेवात लच्चू मेला आणि माझा नवरा किसन मेला. मामाजी जगले. गुरुजींना शिव्या देत, पण दोन्ही वेळ जेवत, नातवंडं पाहून, खाटेवर म्हातारे होऊन गेले. गुरुजी जगले. मी जगले.